सोनापट्टीतला कामाचा दिवस

पहाटे 5

हावड्याच्या अलीकडे, धुलागडच्या ट्रक टर्मिनलपासून जवळच, एका पेट्रोल पंपाच्या आवारात आमची गाडी रात्रीची उभी आहे. शेजारी दोन ट्रक आहेत. नाशिकचा कांदा कोलकात्याच्या पोस्ता बाजारात उतरवून ते रिकामे परतलेत. एमएचची पाटी बघून काल रात्रीच ओळख निघाली. परमुलखात आपल्या पासिंगची गाडी दिसली की माणूस आधी गाव विचारतो, मग नाव. चालक केबिनमध्ये गाढ झोपलेत. हे मागच्या दाराशी उकिडवे बसून पाण्याच्या टाकीत पाइप सोडतात, मी आत चहाचं आधण ठेवते.

गाडी म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर. आतली आसनं काढून दोघांचं अंथरूण, ओटा, पाण्याची टाकी आणि वर एक फळी बसवली आहे. फळीवर एक माणूस नीट झोपू शकतो. छतावर सोलर पॅनल, बाकाखाली बॅटरी. आरसी बुकावर मोटर कॅराव्हॅन अशी नोंद आहे. महाराष्ट्र सरकारनं 2021 साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं खरं, पण लांबच्या वाटेवर आमच्यासारख्यांना आसरा असतो तो पंपाचा, ढाब्याचा आणि ट्रकवाल्यांच्या सोबतीचा. पाणी मिळतं, दिवा असतो, रात्री कोणीतरी जागं असतं.

अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात क्वार्ट्झसाइट नावाचं गाव आहे. कायमची वस्ती अडीच हजारांच्या आत. हिवाळा आला की थंड प्रदेशातली माणसं आपापली फिरती घरं घेऊन लाखांनी तिथं उतरतात. बरेचजण वर्षानुवर्षं त्याच मित्रांच्या शेजारी गाडी लावतात. आमचंही जाणं स्नेह्यांकडेच आहे, फक्त दिशा उलटी. आमची माणसं कोरड्या मुलखातून उठून या पाणथळ शहरात आली. त्यांच्या दारापर्यंत आमची गाडी पोचतही नाही, कारण त्यांच्या गल्लीत हातगाडी वळवायची तरी समोरच्याला अंग चोरावं लागतं.

गाडीनं कोलकात्याला येणं ही जुनीच गोष्ट आहे. 15 एप्रिल 1957 रोजी लंडनहून ‘इंडियामॅन’ नावाची बस वीस प्रवासी घेऊन निघाली आणि 5 जूनला कलकत्त्यात पोचली. भाडं होतं 85 पौंड. पुढं ‘अल्बर्ट’ नावाची दुमजली बस याच वाटेनं ये-जा करू लागली. तिच्यात झोपायला बर्थ होते, स्वयंपाकघर होतं. त्या लोकांना जग बघायचं होतं. आम्हाला आज एका मैत्रिणीच्या घरी वेळेवर पोचायचंय. नवाला तिच्या माणसांचं दुकान उघडतं. त्याआधी पोचलं तर चार शब्द होतात, नंतर ती माणसं हाती लागत नाहीत.

सकाळी सव्वासहा

धुलागडहून हावड्याला बसनं आलो आणि पूल पायी ओलांडायचं ठरवलं. हातात दोन जड पिशव्या, यांच्या खांद्यावर ज्वारीचं गाठोडं.

हावडा पूल 1943 साली वाहतुकीला खुला झाला. त्याचं कागदोपत्री नाव रवींद्र सेतू, पण बसचे कंडक्टर आजही ‘हावडा ब्रिज’ असंच ओरडतात. पुलावर पाय ठेवला तेव्हा हुगळीवरच्या धुक्यातून सूर्य वर येत होता. माझ्या माहेरी, खानापूर तालुक्यात, या घडीला अजून अंधार असणार. दोन गावांत रेखांशाचं जवळजवळ चौदा अंशांचं अंतर आहे. पूर्वी कलकत्त्याचं घड्याळच निराळं होतं. देशाची एक प्रमाणवेळ ठरल्यानंतरही हे शहर 1948 पर्यंत आपली वेळ राखून होतं. ते किती रास्त होतं, हे इथल्या जानेवारीत कळतं: सूर्य सव्वासहाला उगवतो आणि सव्वापाचला मावळतोही. उजेडात कामं उरकणाऱ्यांचा दिवस त्यामुळे अलीकडे सरकलेला असतो.

पुलाच्या पूर्व टोकाखाली मल्लिक घाटाचा फुलबाजार. झेंडूच्या माळांचे डोंगर डोक्यावर घेऊन हमाल पळत होते. इथं थांबलं तर तासभर जातो. आम्ही थांबलो नाही.

सकाळी सात

बडाबाजारच्या सोनापट्टीतली ही इमारत जुनी आहे, जिना लाकडी आणि अरुंद. खाली दुकान, वर भट्टी आणि त्याच्याही वर राहायची जागा. दाराच्या चौकटीवर खरसुंडीच्या सिद्धनाथाची तसबीर. बंगाली शेजाऱ्यांच्या दारावर काली, मारवाडी पेढ्यांवर श्रीगणेश, आणि मधेच हा माणदेशातला देव. जिना चुकलेला नाही हे मला त्या तसबिरीवरनंच कळलं.

“आलासा का? कवा निघाला पंपावरनं?” मैत्रिणीचे सासरे, आबा, खाटेवरून उठून बसले.

“पाचला, आबा.”

“म्हंजी उपाशीच. सूनबाई, च्या टाक आदी.”

मैत्रीण आणि मी विट्याला एका वर्गात होतो. तिचं सासर आटपाडी तालुक्यातलं. लग्नानंतर ती थेट इथं आली, हावडा स्टेशनवर उतरेपर्यंत तिनं इतकी माणसं एका जागी पाहिली नव्हती. आता ती भाजीवाल्याशी बंगालीत भांडते आणि हिशेब मराठीत मोडते.

पिशव्या उघडणं हा पाहुण्याच्या दिवसातला मोठा विधी असतो. शाळूची ज्वारी, हुलगे, मटकी, शेंगदाण्याची चटणी, कडक भाकरी, तीळगूळ, आटपाडीच्या बाजारातून घेतलेली डाळिंबं. सिद्धनाथाचा गुलाल-खोबरं. एका प्लास्टिकच्या पिशवीत सातबाऱ्याचे उतारे, एक लग्नपत्रिका आणि भावकीतल्या एका वादाचा कागद. आबांनी खाण्याच्या जिनसांकडे बघितलं नाही. चष्मा लावून आधी सातबारा वाचला, मग विचारलं, “जत्रंत खोंडाचा भाव काय निघाला?” खरसुंडीच्या पौषी यात्रेत खिलार जनावरांचा मोठा बाजार भरतो. कोलकात्यात पन्नासेक वर्षं काढलेल्या माणसाला सोन्याचा भाव तासातासाला कळतो, पण त्यांना ऐकायचा होता तो खोंडांचा.

मला वाटतं, भेटीला जाणाऱ्यानं हेच काम नीट करावं. फोनवर सगळी बातमी पोचते असं आपण समजतो. पण ओढ्याला पाणी किती दिवस टिकलं, देवळापुढच्या कट्ट्यावर आता कोण बसतं, कुणाचं घर पडलं आणि त्याचे वासे कोणी नेले, हे फोनवर कोणी विचारत नाही आणि कोणी सांगत नाही.

सकाळी 9

“पाव्हणं, तुमी बसा निवांत. मला कुलूप काढाय पायजे,” असं यांना सांगून मैत्रिणीचे यजमान, आमचे दाजी, खाली गेले. हे निवांत बसणाऱ्यांतले नव्हेत, मीही नव्हे. आम्ही मागोमाग उतरलो आणि कोपऱ्यातल्या बाकावर, वाटेत येणार नाही असं बघून बसलो.

गलाईचं दुकान दिसायला अगदी साधं. काचेत दागिने नाहीत, आरसे नाहीत. एक बंदिस्त तराजू, कसोटीचा काळा दगड, ॲसिडच्या बाटल्या, टंच, म्हणजे सोन्याचा कस, मोजायचं यंत्र आणि गल्ल्यामागं भिंतीवर पुन्हा सिद्धनाथ. इथं गिऱ्हाईक म्हणून येतात ते बंगाली कारागीर आणि छोटे सराफ. कोणी मोडीचा दागिना आणतो, कोणी कानशीनं घासून उरलेला चुरा, कोणी कारखान्याच्या फरशीवरची धूळ डबा भरून आणतो. या सगळ्यात सोनं असतं, पण किती, हे ठरवायचं आणि ते वेगळं काढून द्यायचं, हा गलाईवाल्यांचा धंदा.

एक म्हातारा कारागीर कागदाच्या पुडीत मोडकी बाळी आणि तारेचे तुकडे घेऊन आला. दाजींनी दगडावर रेघ ओढली, शेजारी आपल्या नमुन्याच्या सळीची रेघ ओढली, वर ॲसिडचा थेंब सोडला आणि दोन्ही रेघांचा रंग किती टिकतो ते पाहिलं. यंत्र शेजारी होतं. यंत्रात घातल्यावर आलेला आकडा आणि त्यांनी आधी सांगितलेला टंच यांत फरक फारच थोडा निघाला. मग यंत्र कशाला, असं मी विचारलं.

“गिऱ्हाईकाला आकडा दिसाय लागतो आता. हॉलमार्क आल्यापासनं समद्यांलाच आकडा पायजे.”

हॉलमार्किंग जून 2021 पासून टप्प्याटप्प्यानं सक्तीचं झालं. 1 एप्रिल 2023 पासून तर दागिन्यावर सहा अक्षरी-अंकी ओळखखूण असल्याशिवाय सराफाला तो विकता येत नाही. त्यामुळे कारागिराला नेमक्या टंचाचंच सोनं लागतं आणि गलाईवाल्याकडची त्याची फेरी वाढते.

पुडी वजन करून घेतली, चिठ्ठी लिहिली, अर्धी त्याला, अर्धी डब्यात. म्हातारा चिठ्ठी न वाचता खिशात घालून गेला. 1742 साली मराठ्यांच्या स्वारीच्या धास्तीनं याच शहराभोवती खंदक खणायला घेतला होता. तो पुरा झालाच नाही, पण बागबाजारातल्या मराठा डिच लेन या नावात तो उरला आहे. बंगालच्या खेड्यांनी त्या काळात बर्गींचा, म्हणजे मराठा स्वारांचा, जो जाच सोसला, तो खरा होता आणि तो आपण विसरू नये. त्याच बंगालमधला कारागीर आज आपलं सोनं एका मराठी माणसाच्या हातात देऊन पाठ फिरवतो. हा भरवसा या आटपाडी-विट्याच्या लोकांनी कुणाच्या नावावर मिळवलेला नाही. दोन-तीन पिढ्या वजनात खोट न आणता, चिठ्ठी-चिठ्ठीनं मिळवला आहे.

सकाळी 11

वरच्या मजल्यावर आटणी सुरू झाली. इथं मी सगळ्यात जास्त वेळ बसले.

भट्टीवर बसणारी पोरं तिघं. दोघं खानापूर तालुक्यातली, एक मेदिनीपूरचा. मेदिनीपूरच्या पोराला मराठी शिव्यांसकट येतं. मूस तांबडीलाल झाली की तीत सोनं पडतं, वरून टाकणखाराची चिमूट. टाकणखार वितळून मळ आपल्यात ओढून घेतो आणि काचेसारखा वर तरंगतो. सोनं 1064 अंश सेल्सियसला वितळतं, चांदी त्याच्या शंभरेक अंश आधी. पोरांना हे आकडे माहीत नाहीत, त्यांना रंग माहीत आहे. मुशीतला रस हलला की तो कसा चमकतो, यावरून ते सांडशी उचलतात.

दागिन्यातलं सोनं शुद्ध करायचं तर त्यात आधी चांदी घालावी लागते. हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला कोडं वाटतं. 22 कॅरेटच्या 20 ग्रॅम दागिन्यात शुद्ध सोनं साधारण 18.3 ग्रॅम, बाकी चांदी आणि तांबं. नायट्रिक ॲसिड चांदी-तांबं विरघळवतं, सोन्याला हात लावत नाही. पण सोनं एवढं जास्त असेल तर ॲसिड आत शिरूच शकत नाही, सोन्याच्या आडोशाला बाकीचे धातू दडून राहतात. म्हणून एक भाग सोन्याला तीनेक भाग चांदी मिसळून पुन्हा आटवायचं आणि तो रस बारीक धारेनं पाण्यात ओतायचा. पाण्यात पडताना त्याचे दाणे होतात. ते दाणे ॲसिडमध्ये उकळले की आतली चांदी वाट काढत बाहेर पडते आणि तळाला तपकिरी भुकटी उरते.

ती भुकटी बघून हे सोनं आहे असं कोणी म्हणणार नाही. ओल्या तपकिरीसारखी दिसते. तीच धुऊन, वाळवून पुन्हा मुशीत घातली आणि रस साच्यात ओतला, की पिवळीधमक लगड बाहेर येते. एका पोरानं ती लगड चिमट्यानं पाण्यात बुडवली, फडक्यानं पुसली आणि माझ्या तळहातावर ठेवली. अजून गरम होती, आणि तेवढ्याशा तुकड्याच्या मानानं फार जड.

चांदी वाया जात नाही. ॲसिडच्या निळसर-हिरव्या पाण्यात तांब्याच्या पट्ट्या सोडल्या की तांबं विरघळत जातं आणि चांदी करड्या लगद्यासारखी पट्ट्यांवर जमते. ती झटकून, धुऊन पुन्हा पुढच्या घाण्याला वापरायची. तीच चांदी वर्षभर किती वेळा आत-बाहेर करते, याचा हिशेब कोणी ठेवत नाही.

या सगळ्याची किंमत मोजते छाती. ॲसिड उकळताना तांबूस धूर उठतो. पंखा आणि धुरांडं आहे, तोंडाला फडकं आहे, तरी तो घशात उतरतोच. आबांचा खोकला त्याच वासाचा आहे. गलाईवाल्यांनी देशभर नाव काढलं, गावाकडे बंगले बांधले, शाळांना देणग्या दिल्या, हे सगळं आपण अभिमानानं सांगतो. पण भट्टीवर बसणाऱ्या पोराच्या फुप्फुसाची तपासणी नियमानं व्हावी, धूर धुऊन सोडायची व्यवस्था प्रत्येक भट्टीला असावी, असा आग्रह समाजातल्या जाणत्यांनी धरला पाहिजे. लगड हातात घेताना मला त्या मेदिनीपूरच्या पोराचे पिवळे पडलेले बोटांचे पेर दिसत होते.

दुपारी दीड

जेवण भट्टीच्या पाळ्यांप्रमाणे होतं. दोघं जेवतात, एक बसतो. मैत्रिणीनं शाळूच्या भाकरी थापल्या, हुलग्याचं माडगं केलं. इथल्या बाजारात ज्वारीचं पीठ मिळतं, पण मऊ भाकरीला मालदांडीच लागते असं तिचं म्हणणं. शेजारच्या बंगाली काकूंनी नोलेन गुडाचा संदेश पाठवला होता. खजुराच्या रसाचा हा गूळ थंडीतच मिळतो आणि संक्रांतीपर्यंत त्याचा वास घराघरांतून येतो. आमचा तीळगूळ त्यांच्याकडे गेला.

मैत्रिणीचा दिवस मी भट्टीपेक्षा हलका म्हणणार नाही. सकाळी पाणी भरणं, घरची आणि भट्टीवरची मिळून आठ-नऊ माणसांचा दोन वेळचा स्वयंपाक, मुलांच्या शाळा, सासऱ्यांची औषधं, आणि मधेमधे खाली दुकानात कोणी नसेल तर गल्ल्यावर बसणं. गलाईवर जे काही लिहिलं-बोललं जातं त्यात ही बाई येत नाही. परक्या शहरात धंदा टिकतो तो भट्टीवर जेवण वेळेवर पोचतं म्हणून. तिची मुलगी बंगालीत कविता म्हणते, मराठी बोलते ती आटपाडीच्या वळणाची, आणि गणपतीत हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात गेली की पुण्या-मुंबईकडच्या मुलींचं मराठी ऐकून थोडी गप्प होते. मी तिला सांगितलं, तुझ्या तोंडची बोली तुझ्या आजोबांनी इतक्या लांब जपून आणली आहे, ती मोकळेपणानं बोल.

जेवणानंतर आबांना बोलतं करायला फार लागत नाही.

बहात्तरच्या दुष्काळात ते पंधरा वर्षांचे होते. खडी फोडायला जात होते. रेशनवर तांबडी मिलो मिळायची, कामावर सुकडी. त्या मुलखात वर्षाचा पाऊस एरवीही पाचशे मिलिमीटरच्या आतच, आणि त्या साली तोही फिरकला नाही. व्यंकटेश माडगूळकरांचं माडगूळ आटपाडी तालुक्यातलंच. त्यांच्या ‘बनगरवाडी’त दुष्काळानं वाडी उठते ती त्याआधीच्या काळातली. म्हणजे उठणं नवं नव्हतं. बहात्तरला फक्त उठून जायला एक वाट तयार होती. भावकीतला एकजण कलकत्त्यात गलाई करत होता. त्यानं पोस्टकार्ड टाकलं, पोराला धाडा.

“दोन राती गाडीत. हावड्याला उतरलो तर पाऊस. असा पाऊस, बाई, की मला रडूच आलं. म्हटलं, ह्यातला निम्मा तरी आमच्याकडं पडला असता.” कोलकात्यात वर्षाला सोळाशे मिलिमीटरच्या वर पाऊस होतो. गावाकडच्या तीन-चार वर्षांचा तो एका वर्षाचा.

तेव्हा सुवर्ण नियंत्रण कायदा लागू होता. सोन्यावर काम करणाऱ्याला परवाना, प्रत्येक ग्रॅमची नोंद, शुद्ध सोनं बाळगण्यावर बंधनं. 1990 साली तो उठला. आबांनी आधी भांडी घासली, मग कोळसा फोडला, मग मूस धरली. धनी होईपर्यंत बारा-चौदा वर्षं गेली. आणि धनी झाल्यावर त्यांनी काय केलं, तर गावातल्या पुढच्या पोराला पोस्टकार्ड टाकलं. केरळपासून काश्मीरपर्यंत गलाई पसरली ती अशी, एकाच्या पाठीवर दुसरा पाय ठेवून. कंपनी नाही, सरकारी योजना नाही.

दुपारी साडेतीन

शुद्ध केलेलं सोनं बऊबाजारच्या दोन कारागिरांना पोचवायला एक भरवशाचा पुतण्या निघतो. त्याच्याबरोबर मी गेले. तो पिशवी घेत नाही, अंगरख्याच्या आतल्या खिशात पुड्या आणि चाल रोजच्यासारखी.

बऊबाजारचा मोठा रस्ता बिपिन बिहारी गांगुली स्ट्रीट. दुतर्फा सराफी पेढ्या आणि त्यांच्या पाठीमागं गल्ल्यांच्या पोटात कारखाने. पौषात बंगाली लग्नं होत नाहीत. संक्रांत सरली आणि माघ लागला की एकदम सुरू होतात. म्हणून पेढ्यांवर आज शुकशुकाट आणि मागच्या खोल्यांत रात्रंदिवस काम. एकेका खोलीत सहा-सात जण मांडी घालून, पुढ्यात ज्योत, तोंडात फुंकणी. तारकामाच्या बांगडीवर राईएवढे मणी बसत होते.

पुतण्यानं मला दुर्गा पिथुरी लेनकडे नेलं. 31 ऑगस्ट 2019 रोजी पूर्व-पश्चिम मेट्रोचा बोगदा खणताना यंत्र भूजलाच्या थराला लागलं, बोगद्यात पाणी शिरलं, वरची माती खचली आणि या भागातली घरं एकामागून एक कोसळली. दुर्गा पिथुरी लेन, स्यांकरा पाडा लेन, गौर दे लेन रिकाम्या कराव्या लागल्या. स्यांकरा म्हणजे सोनार, गल्लीच सोनारांची. घर तर गेलंच, पण त्याबरोबर हत्यारं, साचे, अर्धवट दागिने आणि गिऱ्हाइकांचं ठेवलेलं सोनं ढिगाऱ्याखाली गेलं. 2022 साली पुन्हा तडे गेले. ऑगस्ट 2025 मध्ये मार्ग पुरा झाला आणि आता हावडा मैदानापासून सेक्टर फाइव्हपर्यंत गाडी नदीखालून, या गल्ल्यांखालून जाते.

त्या वेळी इथल्या काही कारागिरांना आबांनी आपल्या वरच्या मजल्यावर बसायला जागा दिली, असं पुतण्यानं चालता चालता सांगितलं. आबांनी दुपारभर गप्पा मारल्या, पण हे सांगितलं नव्हतं. ज्याचं गाव एकदा उठलंय, त्याला दुसऱ्याचं उठणं समजावून द्यावं लागत नाही.

संध्याकाळी 6

दिवस मावळून तास होत आला. हे दुपारी बाबूघाटावर जाऊन आले होते. गंगासागरच्या मेळ्याला निघालेल्या यात्रेकरूंचा तिथं तळ पडतो. उत्तर प्रदेश, बिहार, राजस्थान, मध्य प्रदेशातल्या बसगाड्या रांगेनं, टपावर पातेली, सरपण आणि वळकट्या, गाडीच्या सावलीत चूल. आमच्या गाडीतल्या सोलर पॅनलचं आणि फ्रीजचं कौतुक लोक करतात. पण फिरत्या घराची खरी परंपरा या देशात त्या यात्रेच्या बसगाड्यांची आहे, असं यांचं मत पडलं, आणि मलाही ते पटलं. राजस्थानच्या एका बसवाल्यानं यांना गाडीखाली पाण्याची जादा टाकी कशी टांगायची ते दाखवलं. तो नकाशा वहीत काढून आणलाय.

रात्री 8

दुकानाचं शटर अर्धं खाली आलं. चिठ्ठ्या जुळवल्या. सकाळी दिलेली प्रत्येक चिठ्ठी आणि परत गेलेलं सोनं यांचा मेळ बसल्याशिवाय कोणी उठत नाही. मग साफसफाई, आणि ती बघण्यासारखी. भट्टीची खोली बारीक झाडूनं तीनदा झाडतात. केर टाकत नाहीत, डब्यात भरतात. हात धुतलेलं पाणी पिंपात साठवतात, तळाशी गाळ बसतो. पायपुसणं, तोंडाला बांधलेली फडकी, फुटक्या मुशी, सगळं ठेवतात आणि काही महिन्यांनी जाळून, दळून, धुऊन त्यातलं सोनं काढतात. वर्षाच्या शेवटी त्या केरातून जे निघतं त्यातला वाटा पोरांना मिळतो. मेदिनीपूरच्या पोराची बहीण माघात उजवायची आहे. त्याचा वाटा यंदा दाजींनी आगाऊ देऊन टाकलाय.

रात्री साडेनऊ

आम्ही निघायला उठलो तर आबा अंगात स्वेटर घालून, टोपी घालून, पिशवी घेऊन जिन्याशी उभे.

“म्या येतोय तुमच्यासंगं.”

सकाळच्या सातबाऱ्यात त्यांच्या वाट्याची जमीन होती. टेंभू योजनेचं पाणी आता त्या शिवारात पोचलंय. कृष्णेचं पाणी कऱ्हाडजवळच्या टेंभूहून टप्प्याटप्प्यानं उचलून खानापूर-आटपाडीकडे आणलंय. चुलतभावानं डाळिंब लावलंय, बांधाचा वाद त्यावरूनच आहे. आबांना तो वाद मिटवायचाय आणि पाटात पाणी वाहताना एकदा बघायचंय. विमान नको, कारण कानात दडे बसतात. आगगाडीत एकट्याला सोडायला मुलगा तयार नाही.

“आबा, चार-पाच दिवस लागतील गाडीला. दिवसभर बसणं झेपंल का?” दाजी म्हणाले.

“पंधरा वर्साचा हुतो तवा दोन राती दाराजवळ हुबा ऱ्हाऊन आलो. आता तर झोपायला मिळतंय म्हंत्यात.”

दाजींनी यांच्याकडे बघितलं. यांनी फळीची लांबी सांगितली, साडेपाच फूट. आबा सव्वापाच. फळीवर चढायला शिडी आहे, पण या वयात ती नको, म्हणून आबा खाली आमच्या जागी आणि हे वर, असं ठरलं. मैत्रिणीनं औषधांच्या पुड्या बांधल्या, सकाळच्या गोळ्यांना लाल दोरा, रात्रीच्यांना काळा. खोकल्याच्या औषधाची बाटली मी माझ्या पिशवीत घेतली. दाजी टॅक्सीनं धुलागडपर्यंत सोडायला येणार. पहाटे पाचला निघायचं, कोलाघाटला चहा, ऊन चढायच्या आत खडगपूर मागं टाकायचं. झारसुगुड्याला आबांच्या भावकीतल्या एकाची गलाई आहे. तिथं पहिला मुक्काम. त्याला फोन झाला, त्यानं विचारलं, गाडी किती मोठी आहे, माझ्या गल्लीत येईल का.